उन्हाळी खाज, दुधाळ बाटली आणि काचबिंदू

चैत्र लागला की जळगाव-भुसावळकडच्या शाळकरी पोरांचे डोळे खाजू लागतात. कोरडी हवा, धूळ आणि 45 अंशांकडे सरकणारा पारा. पोरं बोटांच्या पेरांनी डोळे चोळत बसतात, कोपऱ्यातून दोऱ्यासारखी चिकट तार निघते. मेडिकलवरून हलवून घालायच्या दुधाळ थेंबांची बाटली येते आणि दोन दिवसांत आराम पडतो. मग दर उन्हाळ्यात तीच बाटली, चिठ्ठीशिवाय. तिच्यात अनेकदा स्टिरॉइड असतं.

एकाला मानवलेले थेंब दुसऱ्याच्या डोळ्यावर उलटतात, हे जुनंच आहे. बाहुली मोठी करणाऱ्या अ‍ॅट्रोपिनने, पुढचा कप्पा अरुंद असलेल्या डोळ्यात काचबिंदूचा झटका येतो, हे एकोणिसाव्या शतकातच डॉक्टरांच्या ध्यानात आलं. 1960 च्या दशकात अ‍ॅड्रेनलिनच्या थेंबांचं कळलं: मोतीबिंदू काढून भिंग न बसवलेल्या डोळ्यात त्यांनी पडद्याला सूज येते. शिबिरात ऑपरेशन करून पुढे जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या आपल्या आजा-आजींचे डोळे असेच होते.

स्टिरॉइडचा फटका मात्र लहानांना बसतो, म्हणून त्याची काळजी जास्त. कॉर्टिसोन या स्टिरॉइडवरच्या कामाला 1950 मध्ये नोबेल मिळालं. त्याच दशकात या औषधाने डोळ्याचं प्रेशर वाढल्याच्या नोंदी येऊ लागल्या. 1960 च्या दशकात आर्मली आणि बेकर या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही आठवडे स्टिरॉइडचे थेंब घालून मोजमाप केलं. साधारण एकतृतीयांश लोकांचं प्रेशर मध्यम वाढलं, शंभरात पाचेक जणांचं खूपच. घरात काचबिंदू असलेले, मोठ्या मायनस नंबरचे आणि मधुमेही लोक यांना धोका अधिक. डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी जाळी तुंबते, प्रेशर वाढतं आणि त्याने डोळ्याची नस मरत जाते; हाच काचबिंदू. दुखत नाही, लालीही नसते, त्यामुळे आईला पत्ता लागत नाही. थेंब वेळेत थांबवले तर प्रेशर बहुतेकदा उतरतं, पण मेलेली नस परत येत नाही.

यात आणखी एक पेच आहे. वर्षानुवर्षं डोळे चोळणाऱ्या काही मुलांचं बुबुळ (डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. प्रेशर मोजण्याचं नेहमीचं यंत्र बुबुळाची सरासरी जाडी धरून चालतं. पातळ बुबुळावर ते खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. अशा मुलाला स्टिरॉइड चालू असेल, तर आकडा नॉर्मल आला तरी डॉक्टरांना बुबुळाची जाडी मोजावी लागते आणि आतली नसही पाहावी लागते.