शंभर फेकांवरून तारा ओळखता येतो का?

३० ऑक्टोबर २०१३. एका बाजूला एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, लागोपाठ दोनदा जिंकलेला मायामी हीट, दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स, ज्यांच्याकडून त्या मोसमात कुणालाच फारशी अपेक्षा नव्हती. फिलाडेल्फियाकडून पहिलाच सामना खेळणाऱ्या मायकेल कार्टर-विल्यम्सने त्या रात्री २२ गुण, १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास), ७ रिबाउंड (हुकलेल्या फेकानंतर पकडलेले चेंडू) आणि तब्बल ९ स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) केले. फिलाडेल्फिया जिंकलं. मोसम संपल्यावर तो ‘रूकी ऑफ द इयर’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवोदित, ठरला. आणि तो किताब मिळून वर्ष व्हायच्या आत, फेब्रुवारी २०१५मध्ये, संघाने त्याला मिलवॉकीच्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात मिळाला भविष्यातल्या ड्राफ्टमधला, म्हणजे नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडण्याच्या प्रक्रियेतला, एक हक्क.

चाहत्यांमध्ये तेव्हा जो वाद पेटला, तो प्रत्येक तरुण ताऱ्याबद्दल पेटतो. एक गट म्हणतो, आकडे बघा, असा पोरगा पुन्हा मिळणार नाही. दुसरा म्हणतो, अजून त्याने काय सिद्ध केलंय? दोघेही टक्केवाऱ्या एकमेकांच्या तोंडावर फेकतात. ती टक्केवारी किती प्रयत्नांवरून काढली आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

तीन गुणांचा, म्हणजे लांबून मारलेला फेक घ्या. एनबीएमध्ये सरासरी नेमबाज असे सुमारे ३६ टक्के फेक टोपलीत घालतो. समजा, एका तरुण खेळाडूने पहिल्या १०० फेकांपैकी ४४ घातले. तो ४४ टक्क्यांचा नेमबाज आहे का? शाळेतलं नाणेफेकीचं गणित आठवा. ज्याचं खरं कौशल्य ३६ टक्के आहे, त्याच्या १०० फेकांमध्ये निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार ०.३६ गुणिले ०.६४ भागिले १०० याच्या वर्गमुळाइतकी असते. ती येते जवळपास ५ टक्के. म्हणजे हा साधा नेमबाज कधी ३१ दाखवेल, कधी ४१, आणि अधूनमधून ४४सुद्धा. असे ५० साधे नेमबाज घेतले, तर त्यातले तिघेजण नुसत्या नशिबाच्या जोरावर ४४ किंवा त्याहून वर जातील. आणि चर्चा नेमकी त्या तिघांचीच होते.

मग त्या ४४मधलं कौशल्य किती आणि योगायोग किती? हे वेगळं करायची एक युक्ती संख्याशास्त्रात आहे आणि ती मला विलक्षण आवडते. लीगमधल्या नियमित नेमबाजांच्या खऱ्या कौशल्यात फार फरक नसतो. हा फरक, म्हणजे त्याचं प्रमाण विचलन (खेळाडू सरासरीपासून साधारण किती दूर असतात), ३ टक्के धरू. आता एका फेकेतला योगायोग, ०.३६ × ०.६४ = ०.२३०४, याला कौशल्यातल्या फरकाच्या वर्गाने, म्हणजे ०.०००९ने, भागा. उत्तर येतं २५६. सोयीसाठी २५० म्हणू. अर्थ असा, की या खेळाडूच्या खात्यात आपण आधीच २५० काल्पनिक फेक जमा करायचे, आणि तेही अगदी सरासरी खेळाडूचे: २५०पैकी ९०. त्यात त्याचे खरे १००पैकी ४४ मिळवले की ३५०पैकी १३४ होतात. म्हणजे ३८.३ टक्के.

चव्वेचाळीसचे अडतीस झाले! हा त्याच्यावर अन्याय नाही, कारण फेक वाढत जातील तसं त्या काल्पनिक २५०चं वजन घटत जातं. त्याने ५००पैकी २२० घातले, तर तेच गणित ४१.३ सांगतं. दीड-दोन हजार फेकांनंतर काल्पनिक फेक जवळपास निकामी होतात. तोवर त्याचा करारही संपत आलेला असतो, ही वेगळी अडचण.

आता फ्री थ्रो बघा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारा मोकळा फेक. साडेचार मीटरवर टोपली, समोर कुणी हात उंचावलेला नाही, घाई नाही. इथे खेळाडूंमधला खरा फरक प्रचंड असतो. कुणी ९० टक्क्यांचा, कुणी ५५चा. सरासरी ७७ आणि फरक १० टक्के धरला, तर काल्पनिक फेकांची संख्या २५०वरून थेट १८वर येते. म्हणून १००पैकी ८५ फ्री थ्रो घालणाऱ्याचा अंदाज ८४च्या आसपासच राहतो, हलत नाही. दोन्ही टक्केवाऱ्या स्कोअरकार्डवर शेजारी छापलेल्या असतात, सारख्याच टाइपात, पण १०० प्रयत्नांनंतर एकीवर विश्वास ठेवता येतो, दुसरीवर नाही. तरुण खेळाडूचा हात कसा आहे हे ओळखायला जाणकार आधी फ्री थ्रोकडे पाहतात ते यासाठीच. कार्टर-विल्यम्सने त्या पहिल्या मोसमात शेकडो फ्री थ्रो मारले आणि जेमतेम ७० टक्के घातले. तीन गुणांचे फेक होते २६ टक्के. पदार्पणाची झगमग बाजूला ठेवली, तर हा आकडा तेव्हाच बोलत होता. पुढे तो अनेक संघांतून खेळला, पण तारा झाला नाही.

अंदाज असा सरासरीकडे ओढण्याच्या मागे एक थक्क करणारा सिद्धान्त आहे. चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाने १९५६मध्ये दाखवलं, की तीन किंवा अधिक राशींचा एकदम अंदाज करायचा असेल, तर प्रत्येकीची स्वतःची सरासरी हा सर्वोत्तम अंदाज नसतो. सगळ्या अंदाजांना थोडं एका बिंदूकडे ओढलं, की चुकांच्या वर्गांची एकूण बेरीज सरासरीने कमीच भरते. एक-दोन राशींना हे लागू नाही, तिनापासून पुढे लागू होतं. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७०च्या बेसबॉल मोसमातले १८ फलंदाज घेऊन हे पडताळलं. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींवरून उरलेल्या मोसमाचा अंदाज बांधला. ओढलेल्या अंदाजांची एकूण चूक साध्या सरासरींच्या चुकेच्या एक तृतीयांशाहूनही कमी निघाली.

पण त्याच तक्त्यात सगळ्यात वर रॉबर्टो क्लेमेंटे होता. ४५ संधींपैकी १८ यशस्वी, म्हणजे ०.४००. गटाची सरासरी ०.२६५. सूत्राने त्याला ०.२९च्या आसपास ओढलं. उरलेल्या मोसमात तो ०.३४६ने खेळला. एकूण गटासाठी सूत्र जिंकलं, पण खऱ्या महान खेळाडूबाबत ते साध्या सरासरीइतकंच चुकलं, फक्त उलट दिशेने. क्लेमेंटेने त्याआधी चार वेळा लीगमधल्या सर्वोत्तम फलंदाजीचा किताब मिळवला होता. त्याला सर्वसाधारण गटाकडे ओढणं हीच चूक होती.

(नवा तारा दुसऱ्या वर्षी घसरला की कुणी ‘नजर लागली’ म्हणतो, कुणी मासिकाच्या मुखपृष्ठाला दोष देतो. मुखपृष्ठावर माणूस येतो तो नशीब आणि कौशल्य दोन्ही जोरात असताना. पुढच्या वर्षी नशीब सोबत नसतं, एवढंच होतं. जर्सीचा क्रमांक बदलून यावर उपाय होत नाही. चार झेपांच्या चित्रफिती दाखवून ‘पुढचा सम्राट’ ठरवणाऱ्यांचंही तेच, त्यात तर हुकलेले फेक दाखवतच नाहीत.)

म्हणून खरा प्रश्न उरतो तो हा, की ओढायचं कोणत्या सरासरीकडे? इथे वय कळीचं ठरतं. शाय गिल्जस-अलेक्झांडर पहिल्या मोसमात सामन्यामागे १०.८ गुण करत होता. संपूर्ण लीगच्या तुलनेत ही साधीच कामगिरी. पण तो २० वर्षांचा होता, सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला होता, आणि त्याचे फ्री थ्रो होते ८० टक्के. विसाव्या वर्षी प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) गाठणाऱ्या संघाच्या पहिल्या पाचात असणारे खेळाडू हा फार छोटा गट आहे, आणि या वयाचे खेळाडू साधारण पंचविशी ओलांडेपर्यंत सुधारतच जातात. जुलै २०१९मध्ये लॉस एंजलिस क्लिपर्सने पॉल जॉर्ज या नावाजलेल्या खेळाडूच्या बदल्यात त्याला ओक्लाहोमा सिटी थंडरकडे पाठवलं, वर ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे पाच हक्कही दिले. २०२५मध्ये तो मोसमाचा आणि अंतिम मालिकेचाही सर्वोत्तम खेळाडू होता, आणि थंडर विजेता. जॉर्ज तेव्हा उत्तम खेळत होता हे खरं, पण विशीतल्या पोराची किंमत लावताना चुकीच्या गटाशी तुलना झाली असं मला ठामपणे वाटतं.

याच थंडरने २०१२च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःही अशीच चूक केली होती. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, आणि वाढीव कराराचा निर्णय तीन मोसमांनंतर घ्यावा लागतो. जेम्स हार्डन तेव्हा २३ वर्षांचा होता, राखीव खेळाडू म्हणून उतरायचा, सरासरी १६.८ गुण. मायामीविरुद्धची पाच सामन्यांची अंतिम मालिका त्याला वाईट गेली होती आणि ती अनेकांच्या डोक्यात बसली होती. पैशांवर जमलं नाही, मुदतीच्या चार दिवस आधी तो ह्यूस्टनला गेला. तिथे पहिल्याच मोसमात तो २५.९ गुणांवर पोचला. त्याची तीन गुणांची टक्केवारी मात्र ३९वरून ३६.८वर आली, अगदी सूत्र सांगतं तशी सरासरीकडे. फ्री थ्रो ८५ टक्क्यांवर जिथल्या तिथे राहिले, फक्त सामन्यामागे ६ऐवजी १० मिळू लागले.