एलन खोरे : पाण्याखालचे गाव आणि पाण्यावरचे पर्यटन

मध्य वेल्समध्ये रायडर हे छोटे बाजारगाव मागे टाकले की एलन नदीचे खोरे सुरू होते. काबान कोख, गारेग धी, पेन अ गारेग, क्राइग गोख आणि बाजूच्या खोऱ्यातले क्लायरवेन अशी धरणांची रांग आज इथले मुख्य आकर्षण आहे. काबान कोखला वेगळा सांडवा नाही. तलाव भरला की धरणाच्या अख्ख्या माथ्यावरून पाणी कोसळते, आणि ते पाहायला पावसाळी दिवसांतही गर्दी होते. माहितीपत्रकांत या परिसराला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणायची रीत पडली आहे. ती बरोबर नाही. या डोंगरांवर आज जे आहे आणि जे नाही, त्यातल्या बऱ्याच गोष्टी १८९२ च्या एका कायद्याने ठरवल्या.

तो कायदा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचा होता. कारखान्यांच्या त्या शहरात विहिरींचे पाणी दूषित झाले होते आणि साथी हटत नव्हत्या. पाण्याची गरज खरी होती, तिच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या व्यवहाराचा. नुसते बुडीत क्षेत्र घेऊन महापालिका थांबली नाही. पाणी स्वच्छ राहावे म्हणून एलन आणि क्लायरवेन या दोन्ही नद्यांचे पाणलोट क्षेत्र, सुमारे १८० चौरस किलोमीटर, सक्तीने विकत घेण्याचा अधिकार तिला मिळाला. खोऱ्यातली शंभरेक माणसे हलली. अठरा शेतवाड्या, चर्च, चॅपेल, शाळा, पिठाची गिरणी आणि मोठे वाडे पाण्याखाली गेले.

भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. खोऱ्यात राहणारे बहुतेक लोक मात्र कुळे होती, मजूर होते, नोकरचाकर होते. पिढ्यान्‌पिढ्या तीच शेते कसलेल्या घरांच्या हाती खंडाच्या कराराखेरीज काही नव्हते. त्यांना काहीही न मिळता जावे लागले.

हा त्या काळाचा रिवाजच होता, कुळांना कुठेच काही मिळत नसे, असे म्हणून हा विषय मिटवला जातो. मला ते पटत नाही, कारण कायदा लिहिणाऱ्यांना मालकांपलीकडचे हितसंबंध दिसत नव्हते असे नाही. खालच्या अंगाला वाय नदी आटू नये म्हणून धरणातून रोज किती पाणी सोडायचे हे त्यांनी बांधून घेतले. दिवसाला २ कोटी ७० लाख गॅलन. बुडालेल्या चर्चच्या आणि चॅपेलच्या बदल्यात नव्या इमारती बांधून दिल्या. त्याहून महत्त्वाचे कलम ५३. या पाणलोटातल्या कुंपण नसलेल्या, सामायिक चराईच्या डोंगरांवर हवा खायला, व्यायामाला आणि विरंगुळ्याला जाण्याची मोकळीक त्या कलमाने सर्व जनतेला कायमची दिली. सामायिक माळराने वाचवण्यासाठी तेव्हा ब्रिटनमध्ये चळवळ चालू होती, तिच्या रेट्यामुळे ते कायद्यात आले. त्या काळात डोंगरावरचे बहुतेक मालक फिरणाऱ्यांना हाकलून देत असत, हे लक्षात घेतले तर हा मोठाच विजय होता. वेल्समध्ये सर्व मोकळ्या डोंगरांवर पायी फिरण्याचा सर्वसाधारण हक्क २००५ मध्ये अमलात आला. एलन खोऱ्यात तो त्याआधी शतकभर होता.

म्हणजे मासे, मालक, भाविक आणि सुटीला येणारा पाहुणा अशा सगळ्यांची सोय त्या कायद्यात आहे. तिथे राहणाऱ्या कुळाची नाही. आजचे पर्यटन कलम ५३ चे फळ आहे आणि मी त्याचा मनापासून समर्थक आहे. म्हणूनच त्याच कागदावर कोणाला वगळले होते हेही प्रत्येक पाटीवर यायला हवे असे मला वाटते.

बांधकाम १८९३ मध्ये सुरू झाले. आधी रेल्वे आली. महापालिकेने स्वतःच्या खर्चाने रायडरजवळून खोऱ्यात रूळ टाकले, कारण सिमेंट, कोळसा, यंत्रे आणि घडीव दगड त्या अरुंद वाटांनी नेणे शक्यच नव्हते. कामगारांसाठी नदीपलीकडे लाकडी घरांची वसाहत उभी राहिली. झुलत्या पुलावरूनच तिथे जाता येई आणि पुलावर पहारेकरी असे, मुख्यतः चोरटी दारू आत जाऊ नये म्हणून. नव्या माणसाला आधी वेगळ्या निवाऱ्यात झोपवत, त्याचे कपडे आणि अंग निर्जंतुक करत आणि मगच वसाहतीत घेत. शाळा होती, इस्पितळ होते, साथीच्या रोग्यांसाठी वेगळे इस्पितळही होते. मोजून-मापून बिअर देणारे पुरुषांसाठीचे कँटीन होते. कामगारांना इतक्या शिस्तीने आणि इतक्या सोयींनी ठेवणे त्या काळी दुर्मीळ होते. धरणे झाल्यावर देखभालीच्या माणसांसाठी तिथेच दगडी घरांचे टुमदार गाव बांधले गेले. ते अजून नांदते आहे.

२१ जुलै १९०४ रोजी राजा सातव्या एडवर्डने योजनेचे उद्घाटन केले. पाणी बर्मिंगहॅमपर्यंत ११८ किलोमीटर निव्वळ उताराने जाते, वाटेत एकही पंप नाही. सरासरी उतार २,३०० फुटांना १ फूट, आणि पोहोचायला दीड-दोन दिवस. गारेग धी हे धरण पाण्याखालीच राहते. त्याच्या माथ्यावरच्या खांबांवरून रस्ता जातो, म्हणून येणाऱ्यांना तो साधा पूल वाटतो. काबान कोखची पातळी कितीही उतरली तरी वरच्या अंगाला शहराच्या पाण्याच्या तोंडापाशी पुरेशी उंची राहावी, हे त्याचे काम. पाचही धरणांत सर्वांत हुशारीचे बांधकाम हेच, आणि सर्वांत कमी फोटो त्याचे निघतात.

धरणांआधीच्या इतिहासाला माहिती केंद्रात थोडकी जागा असते आणि इथेही तीच मिळणार. बाराव्या शतकापासून या डोंगरांचा मोठा भाग सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाच्या ताब्यात होता. मठवासीयांची जुनी डोंगरवाट अजून चालता येते. पुढे शिशाच्या खाणी आल्या. इंग्रज कवी शेली १८११ मध्ये कूम एलनच्या वाड्यात नातेवाइकांकडे राहिला. १८१२ मध्ये तो पत्नी हॅरिएटसह नान्तग्विल्टला आला. तो वाडा भाड्याने घेण्याचा त्याचा प्रयत्न मात्र फसला. दोन्ही वाडे तलावाखाली गेले. फार कोरडा उन्हाळा आला की नान्तग्विल्टच्या बागेच्या भिंती उघड्या पडतात आणि तेव्हा बघ्यांची रीघ लागते.

क्लायरवेनच्या खोऱ्यात मूळ योजनेत तीन धरणे होती. त्यांतल्या डोल अ मनाखचा पाया पुढे काबान कोखच्या पाण्याखाली जाणार म्हणून तो आधीच घालून ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिन्हींऐवजी एकच मोठे धरण बांधायचे ठरले आणि डोल अ मनाख अर्धवट राहिले, ते आजही तसेच आहे. क्लायरवेन काँक्रीटचे आहे, पण जुन्या धरणांशी शोभावे म्हणून त्यावर घडीव दगड चढवले. ब्रिटिश पाथरवट युद्धात उद्ध्वस्त झालेल्या इमारतींच्या दुरुस्तीत गुंतले होते, त्यामुळे इटलीहून कारागीर आणावे लागले. ऑक्टोबर १९५२ मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथने त्याचे उद्घाटन केले.

नान्त अ ग्रो या ओढ्यावरचा छोटा बंधारा कामगारांच्या वसाहतीला पाणी पुरवायला बांधला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, त्याच्यावर स्फोटांच्या चाचण्या झाल्या. भिंतीला टेकवून पाण्याखाली स्फोट केला तर किती दारूगोळा पुरतो हे त्यांतून कळले, आणि १९४३ मध्ये जर्मनीतल्या रूर भागातल्या धरणांवर ब्रिटिश विमानांनी हल्ला केला तो याच हिशेबावर. फुटलेला बंधारा तसाच ठेवला आहे.

१९७४ मध्ये पाणीपुरवठ्याच्या फेररचनेत धरणे बर्मिंगहॅमच्या हातून वेल्सच्या जलसंस्थेकडे गेली. पर्यटनाला खरी गती त्यानंतर आली. धरणाखालच्या जुन्या कार्यशाळांत १९८५ मध्ये माहिती केंद्र उघडले. रेल्वेच्या उखडलेल्या मार्गावर सायकलवाट झाली. लाल घार ब्रिटनमध्ये जवळजवळ संपली होती तेव्हा याच टापूतल्या ओकच्या रानांत ती तग धरून होती, आणि आज रायडरजवळच्या एका शेतावर दुपारच्या खाण्याला शेकडो घारी उतरतात. रात्री दिव्यांचा उजेड जवळपास नाही म्हणून २०१५ मध्ये या भागाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. त्या काळोखाचेही कारण १८९२ चेच आहे. पाणलोटात वस्ती वाढू दिली नाही, म्हणून दिवे नाहीत. डोंगरांवर मेंढ्या मात्र अजून चरतात, आणि त्या पाळणारी शेतकरी कुटुंबे अजूनही कुळेच आहेत.