‘सुईचं नाक’ नावाचा दरवाजा यरुशलेमात होता?

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला. फिरणारा मेसेज सांगतो की ‘सुईचं नाक’ हा यरुशलेमचा छोटा दरवाजा; ओझं उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाई. नाशिकच्या वाड्यांची दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार, पाहिलेल्यांना हे सहज पटतं. पण त्या काळी असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. आज दिसणारा तटसुद्धा १६व्या शतकातला, उस्मानी (ऑटोमन तुर्की) आहे.

बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकातली १९:२३-२६ ही वचनं सलग वाचा. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण (मुक्ती) कोणाचं होणार? उंट वाकून जाऊ शकत असता, तर ते थक्क का झाले असते? येशूचं उत्तर आहे: माणसांना हे अशक्य, देवाला सर्व शक्य. बाबिलोनी तालमूद या यहुदी धर्मग्रंथामध्येही सुईच्या नाकातून जाणारा हत्ती येतो, तोही अशक्य गोष्टीसाठीच.