सोलमधला आधुनिकपणा युद्धानंतरचा नव्हे

कोरियात आधुनिक वास्तुकला कोरियन युद्धातल्या १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर अमेरिकी मदतीसोबत आली, हे वाक्य इतकं फिरलं आहे की कुणी तपासतही नाही. ते चुकीचं आहे.

जपानी राजवटीतच पार्क गिल-र्योंग या कोरियन वास्तुरचनाकाराने सोलच्या जोंगनो भागात ह्वासिन डिपार्टमेंट स्टोअर उभारलं, १९३७ साली. सहा मजले, आत लिफ्ट. कवी यी सांगही मुळात वास्तुकलाच शिकलेला, १९२९ चा पदवीधर आणि वसाहत सरकारच्या नोकरीतला. नवे विचार तेव्हा बरेचसे जपानी शिक्षणातून आले, हे खरं. ते कबूल करणं कोरियन लोकांना जड जात असेल तर नवल नाही.

दुसरा समज असा की युद्धानंतरचं सगळं पाश्चात्त्यांची नक्कल. कोरियन वास्तुरचनाकार किम जुंग-अप १९५२ ते १९५५ पॅरिसमध्ये प्रसिद्ध आधुनिक वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात होता. चंदीगड शहराच्या आराखड्याचं काम तिथेच चाललेलं. आपला पुण्यात जन्मलेला वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशीही त्याच सुमारास तिथे होता! परतल्यावर किमने सोलमधला फ्रेंच दूतावास बांधला, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. खांब आणि उघडं काँक्रीट गुरूचं, पण छप्पर पाहा: कोपऱ्यांना वर उचललेलं, जुन्या कोरियन कौलारू घरांच्या वळचणीसारखं. याला नक्कल म्हणायला मी तयार नाही. ह्वासिन मात्र १९८७ मध्ये पाडलं गेलं.