तण ओळखणारी यंत्रे आणि बी लक्षात ठेवणारे यंत्र

कोळपे चालवले की दोन ओळींमधले तण निघते. ओळीच्या आत, दोन रोपांच्या मधे उगवलेले तण मात्र खुरप्यानेच काढावे लागते. तिथे बोटाबोटावर ठरवायचे असते, हे ठेवायचे की उपटायचे. पात धरून पुढे सरकणारी बाई हे बघता बघता ठरवते. शेतीत ताकदीचे काम ट्रॅक्टरने कधीच आपल्याकडे घेतले. यंत्रमानवापुढे उरलेले अवघड काम आहे ते ओळखण्याचे. म्हणूनच शेतीतल्या साऱ्या यंत्रमानवांमध्ये मला खुरपणी करणारे सर्वांत विलक्षण वाटतात.

ओळखण्याचा सरळ मार्ग म्हणजे कॅमेरा. कॅलिफोर्नियातल्या ब्लू रिव्हर टेक्नॉलॉजी या कंपनीने आधी लेट्यूसची विरळणी करणारे यंत्र बनवले आणि पुढे त्याच विद्येवर तणनाशक फवारणारे. 2017 मध्ये ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरने ही कंपनी 30.5 कोटी डॉलरना विकत घेतली. आज त्यांच्या 120 फुटी फवारणी यंत्रावर 36 कॅमेरे असतात. पिकाच्या आणि तणाच्या असंख्य छायाचित्रांवर शिकवलेली संगणक प्रणाली तण दिसेल तिथलेच नोझल क्षणभर उघडते. बाकीच्या जमिनीवर औषध पडत नाही.

सिॲटलच्या कार्बन रोबोटिक्सने औषधही काढून टाकले. त्यांचे यंत्र तणाच्या वाढीच्या टोकावर लेसरचा झोत मारते. सुरुवातीच्या यंत्रांत कार्बन डायऑक्साइड लेसर होते; त्यांचा प्रकाश पाणी फार चटकन शोषून घेते. पेशींमधले पाणी एकदम तापते, पेशी फुटतात आणि कोवळे रोप तिथेच संपते. याचा आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही: माती हलतच नाही. खुरपणीत किंवा कोळपणीत माती उलटली की खाली दडलेले तणाचे बी वर येते, त्याला उजेड मिळतो आणि पुढची फळी उगवते. लेसरमध्ये हे टळते. पण हरळी आणि लव्हाळ्याशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना याची मर्यादाही कळेल. गवताचे वाढीचे टोक जमिनीलगत लपलेले असते आणि लव्हाळ्याचा जीव मातीतल्या गाठींत असतो. वरचा कोंब जाळून ते मरत नाहीत.

आणि तण काही स्वस्थ बसून मार खात नाही. अमेरिकेत 1996 पासून ग्लायफोसेट सोसणारे सोयाबीन आले आणि त्याच एका तणनाशकावर वर्षानुवर्षे भर राहिला. दहाएक वर्षांत जॉर्जिया राज्यात त्याला दाद न देणारा पामर अमरँथ सापडला. हा आपल्या माठ-राजगिऱ्याचाच भाऊबंद. लाखो रोपांपैकी जी चार वाचली, त्यांचेच बी पुढे पसरले.

हाताने तण काढले तर असे होणार नाही, असे वाटेल. तेही खरे नाही. भातखाचरातले पाखड नावाचे तण लहानपणी इतके भातासारखे दिसते की जाणत्याचीही नजर चुकावी. ही निवड माणसानेच केली आहे. वेगळे दिसणारे पाखड उपटले जात राहिले आणि भातासारखे दिसणारे वाचत राहिले. चीनमधल्या पाखडाच्या जनुकांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. यांगत्से नदीच्या खोऱ्यात हे सोंग साधारण हजार वर्षांपूर्वी घडू लागले, असा त्याचा निष्कर्ष आहे. मग उद्या कॅमेऱ्याच्या नजरेतून निसटणारी रोपेही अशीच निवडली जाणार नाहीत कशावरून? मला ही भीती पोकळ वाटत नाही.

इथे डेन्मार्कच्या फार्मड्रॉइड या यंत्राची युक्ती मला फार मोलाची वाटते. हे यंत्र तणाकडे बघतच नाही. पेरणी तेच करते आणि प्रत्येक बी कुठे पडले ते लक्षात ठेवते. पुढे खुरपताना नोंदलेल्या जागा सोडून बाकी सगळे कापते. ओळींमधून तारा फिरतात, आणि ओळीतली छोटी पाती रोप आले की बाहेर सरकते, गेले की पुन्हा आत येते. पीक उगवण्याआधीच पहिली खुरपणी करता येते, कारण बी कुठे आहे ते यंत्राला ठाऊक असते. तणाने कसलेही सोंग घेतले तरी इथे ते चालत नाही.

साध्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते. ती असताना हे जमणार नाही. म्हणून नेमक्या ठाऊक असलेल्या जागी एक स्थिर केंद्र ठेवतात. उपग्रहांच्या संदेशातली चूक तिथे मोजली जाते आणि दुरुस्ती यंत्राला लगोलग पाठवली जाते. मग अचूकता सेंटिमीटरवर येते. भूमी अभिलेख खाते जमीन मोजणीला रोव्हर नावाचे जे यंत्र वापरते, त्यामागचे तत्त्व हेच.

फार्मड्रॉइडच्या छतावर सौरपट्ट्या असतात आणि ते ताशी जेमतेम एक किलोमीटर चालते. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर. तीन मीटर रुंदी आणि वळणांचा वेळ धरला तर एवढे रान पाच-सहा तासांत होते. म्हणजे एका घराने घ्यावे असे हे यंत्र नाही. गावाने किंवा शेतकरी गटाने मिळून ठेवावे असे आहे. ठरावीक अंतरावर टोकण होणाऱ्या कपाशीला ही पद्धत जुळू शकेल, फेकून पेरलेल्या पिकाला नाही. आणि खुरपणीच्या मजुरीवर ज्या बायांचे घर चालते, त्यांना हे यंत्र चालवायला शिकवायचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

तशी रानात त्यांची गरज लगेच संपतही नाही. रोपाच्या बुडाला अगदी चिकटून आलेले तण पाती सोडून देते, कारण ती जागा पिकाची म्हणून नोंदलेली असते. तेवढे तण काढायला डेन्मार्कच्या बीटच्या रानातही माणसेच उतरतात.