तळपायाला कळतं ते

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी रंकाळ्याच्या पदपथ उद्यानात मी माझ्या दोन भाचरांना चपला काढायला लावल्या. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. दवानं भिजलेल्या हिरवळीवर पाय पडताच धाकटी किंचाळली, "मामा, लय गार!" तिचं सगळं लक्ष त्या क्षणी तळपायात होतं. मला तेवढंच हवं होतं.

मुलांना ध्यान शिकवायचं म्हटलं की आपण मांडी घाल, डोळे मीट, गप्प बस, श्वासाकडे लक्ष दे इथून सुरुवात करतो. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. भरकटलेलं लक्ष परत आणायचं काम मुख्यतः मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं, आणि तो पुरता परिपक्व व्हायला वयाची विशी उलटून जावी लागते. त्यात श्वास हा फार मवाळ विषय. तो टोचत नाही, गार लागत नाही, गुदगुल्या करत नाही.

तळपाय करतो. त्याच्या त्वचेत दाब, ताण आणि कंप टिपणारे वेगवेगळे संवेदी ग्राहक, म्हणजे चेतांची बारीक टोकं, असतात. त्यातले काही दाब असेपर्यंत मेंदूला संदेश पाठवत राहतात. बरेचसे मात्र फक्त बदल झाला की बोलतात आणि लगेच गप्प होतात. नवी कोल्हापुरी घातली की पहिली काही मिनिटं पट्टा न् पट्टा जाणवतो. मग ती पायात आहे हेच आपण विसरतो. (करकर ऐकू येत राहते, ती गोष्ट वेगळी.) चालताना मात्र पाय प्रत्येक पावलाला नव्यानं टेकतो, म्हणजे प्रत्येक पावलाला नवी बातमी. एका जागी बसलेल्या मुलाला असं काही मिळत नाही. चुळबूळ करणारं पोर अवज्ञा करत असतं असं नाही, बऱ्याचदा ते बातमी शोधत असतं.

आता वेग कमी करायचा. एरवी चालणं जवळजवळ आपोआप होतं. पावलांचा ताल धरणारी चेतापेशींची जाळी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच असतात. मज्जारज्जू स्वतःच असा ताल निर्माण करू शकतो, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. म्हणून तर आपण फोनवर बोलत बोलत चालू शकतो. पण पाऊल अगदी सावकाश टाकलं की एका पायावर तोल धरायचा वेळ लांबतो आणि तो सांभाळायला मेंदूला जातीनं लक्ष घालावं लागतं. शाळेतली स्लो सायकल शर्यत आठवा: जोरात कुणीही जातं, पडतात ते हळू जाणारे. थोरल्याला मी एवढंच सांगितलं, "त्या बाकापर्यंत जो शेवटी पोचेल तो जिंकला." एरवी अख्खी बाग डोक्यावर घेणारा हा गडी जीभ बाहेर काढून, हात पसरून, एकेक पाऊल तोलत निघाला. त्याला ध्यान हा शब्दही मी सांगितला नव्हता.

डोळे मिटून एका पायावर उभं राहायचा खेळही करून बघा. तोल तीन ठिकाणांच्या माहितीवर चालतो: डोळे, आतला कान, आणि स्नायू, सांधे व तळपाय. लहान मुलं डोळ्यांवर जास्त विसंबतात, म्हणून डोळे मिटले की ती लगेच डुलायला लागतात. डोळे मिटून चालायला मात्र लावू नका. आधी गवतात काच-काटा नाही ना तेही बघा, आणि उन्हाळ्यात दुपारच्या डांबरावर हा उद्योग नकोच.

ही काही आजची टूम नाही. बौद्ध परंपरेत अशा चालत चालत केलेल्या ध्यानाला चंक्रमण म्हणतात. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या एका छोट्या सुत्तात (प्रवचनात) त्याचे पाच लाभ दिलेत, त्यात लांबच्या प्रवासाचं बळ आणि खाल्लेलं नीट पचणं हेही आहेत. चालता चालता साधलेली एकाग्रता जास्त टिकते, हा पाचवा.

बाहेरच का, घरातल्या हॉलमध्ये का नाही? अमेरिकेत २००९ मध्ये अतिचंचलतेचा त्रास असलेल्या १७ मुलांना २०-२० मिनिटं बागेत, शहराच्या गजबजलेल्या भागात आणि निवासी वस्तीत फिरवलं, तेव्हा बागेतल्या फेरीनंतर त्यांचं लक्ष जास्त चांगलं लागलं. मुलं १७च, तेव्हा फार उड्या मारू नयेत. उलट ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतल्या हजारो मुलांवर एक प्रयोग झाला, त्यातल्या सुमारे निम्म्या शाळांत वर्गात सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे दिले गेले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा हे धडे नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही सरस निघाले नाहीत. बरीच मुलं घरी सरावच करत नव्हती. सक्तीचा गृहपाठ झाला की असंच व्हायचं. म्हणून आमच्याकडे नियम एकच, कंटाळा आला की थांबायचं.

धाकटी तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला थांबतेच. पण परवा ती थांबली ती वाळक्या पानावर एक पाय ठेवून. पाय उचलायची, परत ठेवायची. "मामा, पहिल्यांदा मोडतंय, मग नाही मोडत," म्हणाली, आणि दुसरं पान शोधायला निघाली.