व्हिडिओ गेममधील कथन आणि गंभीर विषय

व्हिडिओ गेममधली गोष्ट खेळाडूपर्यंत दोन वाटांनी येते. एक वाट लेखकाने आधी रचून ठेवलेल्या मजकुराची : संवाद, कटसीन (खेळ थांबवून दाखवली जाणारी दृश्ये), कुठेतरी सापडणारी पत्रे आणि रोजनिश्या. दुसरी वाट नियमांची : काय करता येते, काय केल्यावर नुकसान होते, कशासाठी वेळ पुरत नाही. पहिली वाट कादंबरीला आणि चित्रपटालाही मोकळी आहे. दुसरी खेळाची स्वतःची. युद्ध, मृत्यू, मानसिक आजार हे विषय एखाद्या गेमने किती खोलवर हाताळले, हे पाहताना संवादांपेक्षा खेळाडूला स्वतःच्या हातांनी काय करावे लागले याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेला आणि डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये वाढवलेला ‘कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ हा गेम निव्वळ मजकुराचा होता. पुढे सीडी आल्यावर चित्रपटासारखी दृश्ये गेममध्ये शिरली. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) मध्ये एरिथ या साथीदार पात्राचा खून होतो. तिच्यावर तासन्‌तास मेहनत घेतलेल्या खेळाडूच्या गटातली तिची जागा कायमची रिकामी होते, म्हणून हा मृत्यू लागतो. पण लढाईत कोसळलेला साथीदार एका औषधाने उठून बसतो आणि एरिथसाठी ते औषध कोणी वापरूनही पाहत नाही. गोष्टीचा कायदा वेगळा, खेळाचा वेगळा.

या फटीला गेमनिर्माते क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’, म्हणजे खेळ आणि गोष्ट यांतली विसंगती, हे नाव दिले. निमित्त होते ‘बायोशॉक’ या गेमचे. त्यात लहान मुलींना वाचवायचे की त्यांचा जीव घेऊन आपली ताकद वाढवायची, हे खेळाडू ठरवतो, म्हणजे नियमांनी स्वार्थाला मोकळीक दिलेली असते. गोष्ट मात्र एका अनोळखी माणसाला मदत करण्याशिवाय दुसरा रस्ता ठेवत नाही. त्याच वर्षी गेमचे अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी नियमांमधूनही युक्तिवाद करता येतो, अशी मांडणी केली.

ती मांडणी सर्वांत चोख उतरली आहे लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) मध्ये. काळ १९८२ चा, आर्स्टोत्स्का हा काल्पनिक देश आणि सीमेवरची एक चौकी. खेळाडू तिथला तपासनीस. तारखा, शिक्के, फोटो जुळवायचे, माणूस आत सोडायचा किंवा परत पाठवायचा. दिवसभरात जितकी माणसे बिनचूक तपासली तितका पगार, आणि त्यातून घरभाडे, अन्न, उष्णता, औषध. रोजच्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, तिसरीपासून दंड. एका माणसाची कागदपत्रे ठीक असतात. मागून आलेल्या त्याच्या बायकोकडे प्रवेशपरवाना नसतो आणि ती गयावया करते. तिला सोडले तर एक ताकीद खर्ची पडते. दयेचा असा हिशोब मांडताना हुकूमशाहीवर एकही भाषण नाही. रांग लांब आहे, मुलगा घरी आजारी आहे, आणि समोरच्याचे बोलणे ऐकून घ्यायचाही आपल्याला कंटाळा येऊ लागला आहे, हे खेळाडूच्याच लक्षात येते. क्रूर यंत्रणा साध्या माणसांच्या घाईवर कशी चालते, हे इतक्या थोड्या साधनांत दाखवणारी दुसरी कलाकृती सहज सापडणार नाही.

‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) त्याच जातीचा. पोलंडच्या इलेव्हन बिट स्टुडिओजने तो बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून प्रेरणा घेऊन केला. इथे सैनिकाऐवजी वेढ्यात अडकलेले नागरिक सांभाळायचे असतात. रात्री अन्न शोधायला बाहेर पडल्यावर एका म्हाताऱ्या जोडप्याचे घर लागते. त्यांना लुटता येते, कोणी अडवत नाही. पण परतल्यावर घरातली पात्रे खचतात. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम शालेय वाचनसूचीत घेण्याचे जाहीर केले.

याउलट ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ (२०१२). यात खेळाडूकडून पांढरा फॉस्फरस टाकवला जातो, त्यात सामान्य माणसे जळतात आणि गेम त्याला दोषी धरतो. दृश्य भेदक आहे. मात्र दुसरा पर्यायच दिलेला नसताना टाकलेला दोष पोकळ ठरतो, आणि आधीचे सगळे तास नेमबाजीची मजा देण्यात गेलेले असतात. ‘मॉडर्न वॉरफेअर २’ (२००९) मधला विमानतळावरचा हत्याकांडाचा प्रसंग तर वगळून पुढे जाता येतो. जर्मनी आणि जपानमधल्या आवृत्त्यांत नागरिकांवर गोळी झाडली की मोहीमच फसते.

दुःख बोटांपर्यंत पोहोचवण्याचे काम ‘ब्रदर्स’ (२०१३) ने केले. कंट्रोलरचा डावा भाग थोरल्या भावाचा, उजवा धाकट्याचा. धाकट्याला पाण्याची भीती, म्हणून तो थोरल्याच्या पाठीला धरून नदी ओलांडतो. थोरला मरतो. शेवटी पुन्हा पाणी आडवे येते, आणि धाकटा पोहतो तो थोरल्याचे बटण दाबल्यावर. हा क्षण लिहून सांगता येतो, पण त्याचा परिणाम केवळ खेळूनच कळतो.

‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ (२०१६) रायन आणि एमी ग्रीन या जोडप्याने आपल्या मुलाच्या, जोएलच्या आजारपणावर केला. रुग्णालयातल्या एका रात्री जोएल रडत असतो आणि बराच वेळ कोणताही उपाय लागू पडत नाही. प्रयत्न केला की यश मिळते, ही गेमची जुनी सवय इथे मोडते. ‘हेलब्लेड’ (२०१७) मध्ये नायिका सेनुआला ऐकू येणारे आवाज हेडफोनमधून खेळाडूच्या दोन्ही कानांभोवती फिरतात. त्यासाठी केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांचा आणि सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणे, अनुभवलेल्या माणसांचा सल्ला घेतला होता. वारंवार मेलात तर सगळी प्रगती पुसली जाईल, असा इशारा गेम देतो. तसे प्रत्यक्षात होत नाही, पण ती भीती सेनुआइतकीच खेळाडूलाही वागवावी लागते.

कायद्याने गेमला अभिव्यक्तीचे माध्यम मानले ते बऱ्याच उशिरा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गेमना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण लागू केले. जर्मनीत नाझी चिन्हे चित्रपटांत चालत, गेममध्ये नाही. त्यामुळे नाझींविरुद्धच्या लढ्यावरच्या ‘वुल्फनस्टाइन २’ (२०१७) च्या तिथल्या आवृत्तीत हिटलरची मिशी काढून त्याचे नावही बदलले गेले, आणि ज्या गुन्ह्यांविरुद्ध तो गेम उभा आहे त्यांचीच ओळख पुसट झाली. २०१८ पासून तिथे प्रत्येक गेमचा स्वतंत्र विचार होतो.